निकुरेभाऊंचा कोरडा प्लॉट

डोमाजी निकुरे या गृहस्थांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठीमागून. ते एका जीपच्या मागे गुडघ्यांवर ओणवे झाले होते, नाक सायलेन्सरच्या तोंडाशी आणि डोळे गच्च मिटलेले. जीप सुरू होती. मी नेमणुकीचा कागद हातात धरून उभा होतो आणि या माणसाला उचलायला हाक कोणाला मारावी, या विचारात होतो.

"घासलेट हाये," निकुरेभाऊ गुडघे झटकत उठले. "दहात दोन."

"अरे भाऊ, पंप से सीधा लाया हूँ!" ड्रायव्हर हमीदभाईंनी आतूनच सांगितलं.

"मंग पंपवाल्यानं टाकलं. पन हाये."

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहून डोळा मारला. पुढे कळलं की आमच्या केंद्राच्या फाटकातून आत येणाऱ्या प्रत्येक गाडीची अशी नाडीपरीक्षा होत असे. एकदा तहसीलदारांची गाडी आली तेव्हाही निकुरेभाऊ मागे जाऊन वाकले होते. साहेबांना वाटलं, हा माणूस टायर पंक्चर करतोय. त्या दिवशी चहा पाजून प्रकरण मिटवावं लागलं.

आता आमचं केंद्र म्हणजे काय ते सांगतो. सावली गावाच्या पुढे, वैनगंगेच्या अलीकडे, धानाच्या बांध्या संपून जिथे बरड, म्हणजे मुरमाड पडीत जमीन, लागते तिथे सरकारने तारेचं कुंपण घालून काही एकर जमीन घेतली होती. दोन हजार सालानंतरचे ते दिवस. झाडाच्या बियांपासून डिझेल निघणार, देशाचा पैसा वाचणार, पडीत जमीन सोन्याची होणार, असं वर्तमानपत्रात रोज छापून येई. रतनजोत नावाच्या झाडावर संशोधन करायला सरकारने पैसा दिला होता. त्या पैशातून केंद्रावर एक केंद्रप्रमुख, एक संशोधन सहायक म्हणजे निकुरेभाऊ, एक जीप, एक तेलघाणी आणि हंगामी टंकलेखक म्हणून मी, एवढा संसार उभा राहिला.

रतनजोत इकडच्या लोकांना नवी नव्हती. गुरं तिला तोंड लावत नाहीत म्हणून लोक ती कुंपणाला लावत. पोरं तिची काडी मोडून चिकाचे फुगे उडवत. त्या कुंपणासाठी सरकार मोटारगाडी पाठवून माणसं नेमतं, याचं गावाला फार नवल होतं. आमच्या फाटकाशी मासे विकायला बसणारी शेवंताबाई मला म्हणाली होती, "काटेरी बाभूर राह्यली जी बावा. तिच्यावर कवा येनार हाये आफिस?"

सरकारी पैशाचीही एक गंमत असते. रोपं लावायची जुलैत आणि पैसा येणार मार्चमध्ये, तोही एकतीस तारखेच्या आत खर्च करायच्या अटीवर. पहिल्या वर्षी त्या पैशात आम्ही लोखंडी कपाटं घेतली. मार्चच्या उन्हात लावता येण्यासारखं तेवढंच होतं. निकुरेभाऊ त्या कपाटांकडे पाहून म्हणाले, "झाडाले मार्च एंडिंग नसते. हे कागदावर कुठी लिवता येते का पाहा."

निकुरेभाऊंचं खरं वेड वासाचं नव्हतं, मापाचं होतं. शर्टाच्या खिशात शिंप्याची टेप. तिच्याशिवाय मी त्यांना एकदाच पाहिलं, आणि त्या दिवशी ते अंगावरचं काही हरवल्यासारखे फिरत होते. "मोजल्याबिगर बोलू नोको," हे त्यांचं पालुपद. मी म्हणावं, आज पाऊस छान झाला, ते म्हणत, "छान मंजे किती?" आणि पर्जन्यमापकाकडे चालू लागत. मी रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी मला दाराच्या चौकटीला उभं करून मोजलं आणि पेन्सिलीने खूण केली. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "इथचं पानी तुले मानवते का नाई, थे कसं समजन?" सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं. उंची तेवढीच होती. कंबर वाढली होती. तीही त्यांनी नोंदवून ठेवली.

त्यांच्या खोलीत एक खाट, एक स्टोव्ह आणि वह्याच वह्या. माणूस एकटा. बायको कधीच वारली, एवढं हमीदभाईंकडून कळलं होतं. त्यापुढे विचारायची सोय नव्हती, कारण निकुरेभाऊ स्वतःबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर झाडाबद्दल देत. "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारलं की "एकोणीस नंबरले फुटवा आला," असं उत्तर मिळे. मला जन्मजात चौकशा करायची खोड. मी दोन वर्षं प्रयत्न केला आणि माझ्याकडे फक्त झाडांची माहिती जमा झाली.

केंद्राचा मुख्य प्रयोग पाण्याचा होता. प्रत्येकी पंचवीस झाडांचे चार प्लॉट. पहिल्याला आठवड्याला पाणी, दुसऱ्याला पंधरा दिवसांनी, तिसऱ्याला महिन्याने. चौथा प्लॉट कोरडा. पावसाचं पडेल तेवढंच, वर एक थेंब नाही. कोणत्या प्लॉटला किती बिया लागतात यावरून ठरणार होतं की हे झाड बरडीवर लोकांना लावायला सांगायचं की नाही. मुंबईला, दिल्लीला जे अहवाल जात ते याच चार प्लॉटचे. पुढचा पैसा मिळायचा तोही यावरच.

या चौथ्या प्लॉटच्या बाबतीत निकुरेभाऊ भयंकर कडक. तिथे बोर्ड लावला होता: 'पाणी देणे सक्त मना'. एकदा हमीदभाईंनी पान थुंकून त्याच्या कडेला चूळ भरली, तर निकुरेभाऊ धावत आले.

"किती पानी टाकलं?"

"कुल्ला किया भाऊ, इतना सा."

"इतना सा मंजे किती?" आणि त्यांनी हमीदभाईंना मोजपात्र देऊन, पहिल्याएवढंच पाणी तोंडात घेऊन त्यात परत चूळ भरायला लावली. मग तो आकडा, तारीख आणि हमीदभाईंचं नाव वहीत गेलं. हमीदभाई आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

आता ते डब्यांचं सांगतो. निकुरेभाऊ उन्हाळ्यात रोज पहाटे, मजूर यायच्या कितीतरी आधी, हातात डबा घेऊन शेताकडे जात. यात विशेष काही नाही. आमच्याकडे पहाटे डबा घेऊन निघालेल्या माणसाला कोणी हटकत नाही, रामरामही करत नाही. तोंड फिरवून वाट देण्याची रीत आहे. विशेष इतकंच की निकुरेभाऊंच्या हातात डबे दोन असत. गोड्या तेलाचे, पाच-पाच लिटरचे.

गावात यावर खूप खल झाला. एवढं पाणी लागतं म्हणजे माणसाचं पोट कामातून गेलेलं आहे, यावर सगळ्यांचं एकमत होतं. सरकारी क्वार्टरला संडास असताना ते बाहेर का जातात, असं मी एकदा बोलून पाहिलं, तर हमीदभाई म्हणाले, "बेचारे को खुली हवा लगती होगी." शेवंताबाईचा जीव फार हळवा. ती एके दिवशी माशांच्या टोपलीत पुडी घेऊन आली.

"भाऊ, कुड्याची साल हाये. जंगलातून आनली, कुटली. रोज सकारी काढा घ्या. पोट बांधून येते."

निकुरेभाऊंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "माहं पोट बराबर आहे जी, बाई," ते म्हणाले.

"असं कसं बराबर? सारं गाव पाह्यते ना रोज."

त्यांनी पुडी घेतली. आणि पंधरा दिवस त्यांनी तो काढा घेतला, मी डोळ्यांनी पाहिलं. कुड्याची साल इतकी कडू असते की पिणाऱ्याचं तोंड पाहूनही आपली जीभ वळते. शेवंताबाई रोज फाटकाशी विचारी, "फरक आहे?" आणि ते म्हणत, "आहे, आहे." डबे मात्र दोनच राहिले. बाईने साल वाढवली.

तिसऱ्या वर्षी झाडं लगडली. निकुरेभाऊंनी एकेक बी मोजली, वजन केलं, मी तक्ते टाइप केले. निकाल असा निघाला की चौथा प्लॉट, ज्याला तीन वर्षं थेंबभर पाणी मिळालं नव्हतं, तो दुसऱ्या प्लॉटच्या बरोबरीने उभा. केंद्रप्रमुख तक्ता घेऊन नाचायचेच बाकी राहिले. त्यांनी त्याच दिवशी वर कळवलं. आणि ज्या वरून एरवी पत्राचं उत्तर वर्षाने यायचं, तिथून महिन्याभरात समितीच आली.

समितीचे अध्यक्ष गोरेपान, उंच, पांढऱ्या टोपीचे. चौथ्या प्लॉटसमोर उभे राहून ते म्हणाले, "वा! बिनपाण्याचं पीक! हेच तर देशाला हवं होतं." त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं की योजनेला आणखी पाच वर्षं मुदतवाढ मिळेल, पदं कायम होतील आणि या पावसाळ्यात वैनगंगेच्या दोन्ही अंगांच्या जिल्ह्यांतल्या बरडीवर फुकट रोपं वाटली जातील. पदं कायम हा शब्द मी मनातल्या मनात पुन्हा म्हणून पाहिला. माझं लग्न त्या एका शब्दासाठी थांबलं होतं. मी निकुरेभाऊंकडे पाहिलं. ते टेपचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

दुपारी केंद्राच्या व्हरांड्यात जेवणं झाली. माशाचा रस्सा शेवंताबाईने केला होता. अध्यक्षसाहेबांनी तारीफ केली तशी ती पदर सावरून पुढे आली.

"साहेब, माही दोन एकर बरड आहे, तलावाच्या वर. तिथी तूर लावतो, तीळ लावतो. होते थोडीबहुत. तुमी मनता पानी नाई लागत, तं यंदा सारी रतनजोतच लावून टाकू का?"

"बेलाशक लावा, बाई!" साहेब म्हणाले. "तुमच्यासारख्यांसाठीच तर हे सगळं आहे. यांना सगळ्यात आधी रोपं द्या, निकुरे."

"नोको लावू, बाई," निकुरेभाऊ म्हणाले.

आवाज मोठा नव्हता. पण ते उभे राहून बोलले होते. साहेबांचा घास हातातच राहिला.

"का हो?"

"चौथा प्लॉट कोरडा नाई जी, साहेब."

"म्हणजे?"

"मी पानी देतो त्याले."

केंद्रप्रमुखांनी घाम पुसला. तेवढ्यात खांबाला टेकून बसलेले हमीदभाई एकदम ताठ झाले आणि ओरडले, "या अल्ला! तो वो डब्बे..."

"हो," निकुरेभाऊ म्हणाले. "थेच."

शेवंताबाईने तोंडावर हात घेतला. तिच्या डोळ्यांसमोरून पंधरा दिवस गेले असावेत. "भाऊ," ती म्हणाली, "मंग थो काढा काऊन पेल्ले जी?"

"तुमी येवढी जंगलातून आनली होती, बाई. कुटली होती."

मला तिथे हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली. साहेबांना मात्र काहीच आलं नव्हतं. ते हात धुवायचे विसरून विचारत होते, "किती पाणी दिलंत? कधीपासून?"

हा प्रश्न त्यांनी चुकीच्या माणसाला विचारला. निकुरेभाऊ खोलीत गेले आणि एक वही घेऊन आले. त्यात तीन उन्हाळे होते. रोज पाच झाडं, झाडामागे दोन लिटर, सहाव्या दिवशी पुन्हा पहिलं झाड. तारीख, झाडाचा नंबर, पाणी. वर वाळका पाला टाकून झाकल्याचीही नोंद. स्वतःच्या गुन्ह्याची इतकी टापटीप नोंद ठेवणारा माणूस मी त्यानंतर पाहिला नाही.

"आणि अहवालात 'कोरडा' लिहीत होतात? सही करत होतात?"

"चूक आहे जी. पन मले वाटलं, अहवाल कोनी वाचत नाई. कपाटात जाते. आता ही बाई तूर उपटाले निंगाली तं... पानी नाई देलं तं यातली अर्धी झाडं मरतीन, साहेब. बीचं तं सोडाच."

साहेबांनी वही घेतली नाही. जीपमध्ये बसताना केंद्रप्रमुखांना हळू आवाजात जे सांगायचं ते सांगितलं, आणि गाडी गेली. मुदतवाढ आली नाही. कळलं ते असं, की अशा निकालावर पुढचा पैसा देता येत नाही. आठ दिवस मी निकुरेभाऊंशी बोललो नाही. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा राग आला होता. तीन वर्षं गप्प बसलेला माणूस आणखी एक दिवस गप्प बसला असता, तर मी कायम झालो असतो. शेवंताबाईने तूर लावली. फाटकाशी बसून ती मला म्हणाली, "मानूस मोठा आहे, बावा," तर मी तिच्याकडेही पाहिलं नाही.

मग निकुरेभाऊंना नोटीस आली. चौथ्या प्लॉटला कोणाच्या आदेशाने व कोणत्या कारणास्तव पाणी दिले, याचा लेखी खुलासा सात दिवसांत करावा. त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. केंद्रप्रमुख भले माणूस. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "काहीतरी बसवून लिही. मी पुढे शिफारस करतो."

दुपारी निकुरेभाऊ माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मी कागद चढवला आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणालो, "शेजारच्या प्लॉटचा पाईप गळत होता, असं लिहू. तुमच्या लक्षात उशिरा आलं."

"पाईप चांगला आहे."

"भाऊ, पाईपला पेन्शन नाही. तुम्हाला आहे."

ते हसले नाहीत. खिडकीकडे वळले. तिथून चौथा प्लॉट दिसत नव्हता, जीपचं शेड दिसत होतं. मग ते बोलायला लागले, आणि पहिल्यांदाच मला झाडाशिवाय दुसरं काही ऐकायला मिळालं.

"माही घरवाली गेली त्याले अकरा वर्सं झाली. पोटाचं आपरेशन होतं, ब्रह्मपुरीले. डाक्टर मनले, आजचा दिवस पानी देऊ नोका, एक घोटबी नाई. ओठाले भिजवून कापूस लावा फक्त. मी नेमाचा मानूस. बसलो कापूस घेऊन. थे मनत होती, जरासं द्या जी. मी मनलो, नाई. मंग थे मनली, चूळभर द्या. मी मनलो, सांजेपर्यंत थांब. बोलनं बंद झालं तं माह्या हातातल्या वाटीकडे पाहे. सांज व्हाच्या आधीच गेली."

मी टाइपरायटरवरचे हात खाली घेतले.

"डाक्टरची काई चूक नाई," ते म्हणाले. "मी नंतर विचारून पाह्यलं. पानी देलो असतो तरी गेलीच असती. पन पेऊन गेली असती."

बाहेर हमीदभाई जीप धूत होते, त्याचा आवाज येत होता. निकुरेभाऊंनी चष्मा काढून पुसला.

"पह्यल्या उन्हारी चौथ्या प्लॉटची पानं सुकून अशी खाली आली. बोर्ड मीच लावला होता. तीन दिवस पाह्यलो. चवथ्या दिवशी डबा घेतलो." मग एकदम भानावर येऊन म्हणाले, "हे नोको लिवू तू."

"नाही लिहीत," मी म्हणालो. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी पुन्हा हात वर घेतले आणि कचेरीत ज्या वाक्याने बहुतेक माणसं वाचतात ते वाक्य टाइप केलं: 'सदर प्रकरणी माझ्याकडून अनवधानाने चूक झाली असून पुन्हा असे होणार नाही.' कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो दोनदा वाचला.

"अहवालात कोरडा लिवलो, थे चूक. थे ठेव. पन पान्याले चूक नोको मनू. काढ थे."

"निकुरेभाऊ, असं लिहावंच लागतं. नाहीतर पेन्शन..."

"आन 'पुन्हा होणार नाही' थेबी काढ," ते म्हणाले. "थे खोटं होईन."

मी दुसरा कागद घेतला, कार्बन लावला आणि ते सांगतील तसं टाइप केलं. अहवालात 'कोरडा' असे लिहिले, ही माझी चूक आहे. पाणी कोणाच्याही आदेशाने दिले नाही. झाडे तहानली होती म्हणून दिले. त्यांनी खाली सही केली आणि तारीख घातली.